साक्ष देणाऱ्याला गद्दार ठरवू नका

ठाणे शहरात एखाद्या पक्षाचा पदाधिकारी चौकशीला जाऊन अटकेविना परतला, की शाखेत कुजबूज सुरू होते, 'हा आत सगळं बोलला असणार.' मग बैठकीचे निरोप त्याला मिळत नाहीत, तो आला की गप्पा थांबतात. तो खरेच बोलला का, हे कोणालाच ठाऊक नसते, तरी वर्षानुवर्षांचे सहकारी तुटतात.

याची मला चीड येते. अटक झाली नाही म्हणजे तो माफीचा साक्षीदार, म्हणजे साक्षीच्या बदल्यात माफी मिळालेला गुन्ह्यातील साथीदार, झाला असे नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातील कलम ३४३ नुसार ही माफी देतात ते दंडाधिकारी, तपास अधिकारी नव्हे. आणि तीही स्वतःच्या सहभागासह सगळे खरे सांगण्याच्या अटीवर. मुद्दाम काही लपवले किंवा खोटी साक्ष दिली, तर त्या साक्षीदारावरच खटला चालू शकतो. शिवाय नुसत्या त्याच्या शब्दावर न्यायालये सहसा विसंबत नाहीत, दुजोरा देणारा पुरावा मागतात.

कार्यकर्त्याला पैशांच्या व्यवहारात ओढायचे आणि नंतर त्याच्या मौनाला निष्ठा म्हणायचे, हे संतापजनक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करण्याची सोय आहे. ठाण्यातील सर्व पक्षांनी आपल्या शाखांच्या फलकावर ही माहिती लावावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे