‘इनॉक्युअस’मधला दुसरा एन

संपादक महोदय,

इंग्रजीत ‘इनॉक्युलेट’ लिहिताना अनेक जण एक ‘एन’ जादा घालतात, कारण निरुपद्रवी या अर्थाचा ‘इनॉक्युअस’ त्याचा सख्खा भाऊ वाटतो. दोघांचे नाते मुळीच नाही. लॅटिन ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा आणि फांदीवरचा डोळाही. एका झाडाचा डोळा दुसऱ्यात भरणे हा ‘इनॉक्युलेट’चा मूळ अर्थ, देवीची लस टोचण्याचा अर्थ अठराव्या शतकातला. त्यात ‘इन’ म्हणजे ‘आत’, आणि पुढे लगेच स्वर, म्हणून एन एकच.

‘इनॉक्युअस’मधला ‘इन’ नकारार्थी आहे. त्यापुढे ‘नोकुउस’, म्हणजे अपायकारक. दोन्हींचे एन शेजारी आले. हे विशेषण ‘नोकेरे’, इजा करणे, या धातूचे. भाषाशास्त्रज्ञ त्याची जोडी संस्कृत ‘नाशयति’शी लावतात. इंग्रजीत शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. तो बहुधा शेरा, प्रश्न, पदार्थ यांना लागतो, आणि बऱ्याचदा त्याआधी ‘वरवर’ असते. म्हणजे पुढे गडबड आहे हे वाचकाने ओळखावे.

खरी फसगत ‘इनोसन्ट’ची. तोही ‘नोकेरे’चाच, पण आपण सरसकट ‘निष्पाप’ लिहून मोकळे होतो. लहान मुलांच्या हृदयात ऐकू येणारा ‘इनोसन्ट मर्मर’ निष्पाप कसा असेल? हृदयात दोष नसताना येणारा तो निरुपद्रवी आवाज. १९८२ च्या सागरी कायदा करारातील ‘इनोसन्ट पॅसेज’चेही तेच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रातून परदेशी जहाज जाऊ शकते, मात्र त्या देशाची शांतता, सुव्यवस्था वा सुरक्षा बाधित होता कामा नये. शस्त्रांचा सराव, मासेमारी, माहिती गोळा करणे यांपैकी काही केले की तो प्रवास ‘इनोसन्ट’ राहत नाही. पाणबुडीला तर पृष्ठभागावर येऊन झेंडा दाखवत जावे लागते. इथे पापपुण्याचा संबंध नाही. ‘निरुपद्रवी मार्गक्रमण’ हेच नेमके.

‘हार्मलेस’ मात्र इंग्रजीचा घरचा शब्द, आणि त्याचा जुना अर्थ ‘इजा न झालेला’. करारांतल्या ‘होल्ड हार्मलेस’मध्ये तो अजून टिकून आहे. तिथे ‘निरुपद्रवी ठेवणे’ असे भाषांतर केले तर कलम उलटेच होते. दुसऱ्या पक्षाला तोशीस लागू न देणे, लागल्यास भरून देणे, असे लिहावे.

– एक भाषांतरकार