शब्द जोडीने शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र पोस्टाने तुमच्या घरीही पाठवता आलं असतं. पण मराठी माध्यमातून शिकलेल्या, नर्सिंग करून परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली मला सारखं विचारत असतात, "ताई, शब्द येतात, काळही येतात, पण कुठे ‘ऑफ’, कुठे ‘फ्रॉम’, कुठे ‘टू’ लावायचं ते कसं लक्षात ठेवू?" मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे. ते कुणाचं आहे हे चारचौघांत सांगावं, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते असं जाहीर झालेलं तुम्हाला आवडणार नाही.

हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर तुम्ही संध्याकाळी जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग होस्टेलवर यायचात. कुणी नेमलं नव्हतं, मानधन नव्हतं. तुमच्या यजमानांच्या आजारपणात आमच्या सिनियर मुलींनी त्यांचं सगळं केलेलं तुम्ही पाहिलं होतं, एवढंच कारण तुम्ही कधीतरी सांगितलंत. आम्ही बहुतेक जणी जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आमच्यातल्या मोठ्या मुलींना ते पाचवीत भेटलं होतं, आणि नर्सिंगला आल्यावर एकदम सगळी पुस्तकं इंग्रजी. पाठांतरावर पेपर निघायचे. वॉर्डमध्ये नोट्स लिहायची वेळ आली की हात अडायचा, आणि तो नेमका या चिमुकल्या शब्दांपाशी अडायचा.

तुम्ही सुरुवात मराठीपासून केलीत, याचं मोल मला फार पुढे कळलं. फळ्यावर चार क्रियापदं लिहिलीत : रागावणे, भांडणे, विचारणे, घाबरणे. मग आम्हालाच वाक्यं करायला लावलीत. आईवर रागावते, आईशी भांडते, आईला विचारते. वाघाला घाबरते, पण वाघाची भीती वाटते. शाळेत आम्ही स-ला-ते घोकलं होतं, पण ‘रागावणे’ला ‘वर’ लागतं आणि ‘भांडणे’ला ‘शी’, हे कुठल्याच विभक्तीच्या तक्त्यात नव्हतं. तरी एकीचंही चुकलं नाही. तुम्ही म्हणालात, "कारण तुम्ही ‘रागावणे’ हा शब्द कधी सुटा ऐकलाच नाहीत. तो ‘वर’ घेऊनच कानात शिरला. इंग्रजी शब्दही तसाच घ्या. ‘सफर’ म्हणजे त्रास होणं, पण नुसतं ‘सफर’ वहीत लिहायचं नाही, ‘सफर फ्रॉम’ लिहायचं. ‘ॲलर्जिक’ नाही, ‘ॲलर्जिक टू’."

आणि ज्याला सगळे मराठी वळणाचं इंग्रजी म्हणून हसतात, त्याला तुम्ही कधी हसला नाहीत. कुणी ‘मॅरिड विथ’ म्हणालं तर त्यामागे ‘च्याशी लग्न’ आहे, ‘डिस्कस अबाउट’मागे ‘विषयी चर्चा’ आहे, ‘सिनियर दॅन’मागे ‘पेक्षा मोठी’ आहे, हे आधी दाखवायचात आणि मग इंग्रजीची रीत सांगायचात. ‘सिनियर’ची गोष्ट तर शरीररचनेच्या पुस्तकापर्यंत नेलीत. सिनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे शब्द लॅटिनमधून आले, तिथे त्यांच्यात ‘अधिक’पणा आधीच भरलेला आहे, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतो. मग आमच्याच ॲनाटॉमीच्या पानांवर बोट ठेवलंत. हृदय डायफ्रॅमला ‘सुपीरियर टू’, श्वासनलिका अन्ननलिकेला ‘अँटीरियर टू’. जे आम्ही परीक्षेसाठी रोज घोकत होतो, त्यातच ‘सिनियर टू’चं उत्तर दडलेलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही भाषा मनमानी करत नाही, तिच्याही सवयींना मुळं आहेत.

वहीची मांडणी ही तुमची दुसरी मोठी देणगी. बाजारातल्या पुस्तकांत ‘ऑफ’वाले शब्द एका पानावर, ‘टू’वाले दुसऱ्या पानावर, आणि खाली रिकाम्या जागा भरा. तुम्ही ते बाजूला ठेवायला सांगितलंत. "वॉर्डमध्ये शब्द प्रसंगाने येतो, अव्ययाच्या क्रमाने येत नाही," असं तुमचं म्हणणं. म्हणून आमच्या वहीत पानं होती ती भरती, तक्रार, तपासणी, उपचार, नातेवाईक, डिस्चार्ज अशी.

तक्रारीच्या पानावर पहिली ओळ केसपेपरवरूनच घेतली होती. डॉक्टर घाईत ‘सी’, तिरकी रेघ, ‘ओ’ लिहितात. पत्त्यावर तीच खूण ‘केअर ऑफ’ असते, केसपेपरवर ‘कम्प्लेन्स ऑफ’. पेशंट छातीत दुखण्याची तक्रार करतो तेव्हा ‘ऑफ’, जेवण गार आल्याची तक्रार करतो तेव्हा ‘अबाउट’. एकच क्रियापद, पण ‘ऑफ’ लागलं की ते लक्षण होतं आणि डॉक्टरला कळवावं लागतं. ‘एच’ आणि ‘ओ’ म्हणजे ‘हिस्टरी ऑफ’. उपाशी ठेवायच्या पेशंटच्या खाटेवर ‘एनबीएम’ची पाटी लागते, त्यातला ‘बी’ म्हणजे ‘बाय’ : निल बाय माउथ. आम्ही ही अक्षरं रोज लिहीत होतो, पण ती सोडवून वाचायला तुम्ही शिकवलंत.

उपचाराच्या पानावर ‘ट्रीटेड’ हा एकच शब्द आणि त्याच्यापुढे तीन रकाने. आजारासाठी ‘फॉर’, औषधाने ‘विथ’, डॉक्टरांकडून ‘बाय’. न्यूमोनियासाठी, अँटिबायोटिकने, अमुक डॉक्टरांकडून. मराठीत साठी, ने, कडून अशी तीन वेगळी रूपं आहेतच, म्हणजे भेद आपल्याला आधीच कळतो, फक्त तो इंग्रजीत कुठे बसतो एवढंच बघायचं. त्याखाली ‘ऑपरेटेड ऑन फॉर हर्निया’. दोन अव्ययं लागोपाठ पाहून आम्हाला काहीतरी चुकलंय असं वाटे. सर्जन पेशंट‘वर’ शस्त्रक्रिया करतात तो ‘ऑन’, आणि कशासाठी करतात तो ‘फॉर’, असं तुम्ही उलगडून दिलंत आणि ते कायमचं बसलं.

तपासणीच्या पानावर ‘टू’चं राज्य. कल्चर रिपोर्टमध्ये, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, जंतू एका औषधाला ‘सेन्सिटिव्ह टू’, दुसऱ्याला ‘रेझिस्टंट टू’. माणूस ‘इम्यून टू’, ‘ससेप्टिबल टू’, ‘एक्स्पोज्ड टू’, आणि उपचाराला ‘रिस्पॉन्ड’ करतो तोही ‘टू’च. इथे मराठी ‘ला’ जवळजवळ सगळीकडे चालून जातो.

पण सगळ्यात जास्त वेळ तुम्ही ‘बाय’ आणि ‘टू’ या जोडीला दिलात, आणि आज नोकरीत मी तुमची रोज आठवण काढते ती यासाठी. बाकीच्या ठिकाणी अव्यय चुकलं तर वाक्य खटकतं, समोरचा समजून घेतो. इथे आकडा बदलतो. दीर्घकाळ चाललेलं स्टिरॉइड एकदम थांबवत नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरवतात. ४० मिलिग्रॅम घेणाऱ्या पेशंटचा डोस ‘बाय १०’ कमी करा म्हटलं तर ३० राहतात, ‘टू १०’ म्हटलं तर १०. तुम्ही फळ्यावर मराठीत लिहिलंत : ‘दहाने कमी’ आणि ‘दहावर आणा’. म्हणालात, मराठी बोलणाऱ्या मुलीला हा फरक समजावून सांगायची गरजच नाही, ‘ने’ आणि ‘वर’ तिच्या हाडात आहेत. फोनवर ऑर्डर आली की ती आकड्यासकट आणि अव्ययासकट परत म्हणून दाखवायची, ही सवय तुम्ही लावलीत. तुम्ही नर्स नव्हता, पण त्या संध्याकाळी जे शिकवलंत ते नर्सिंगच होतं असं मी मानते.

अजून एक सांगायचंच आहे, कारण हे मी कुठल्या क्लासमध्ये ऐकलं नाही. क्रियापद आणि त्याचं नाम यांची सोबत वेगळी असते. ‘डिस्कस’ला काही लागत नाही, ‘डिस्कशन’ला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ लागतं. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असेल तर एकटं, नाम असेल तर ‘रिक्वेस्ट फॉर’. ‘लॅक’, ‘डिमांड’, ‘व्हिजिट’ यांचंही तेच. ‘एक्स्प्लेन’चं उलटं : नातेवाइकांना समजावून सांगितलं म्हणताना ‘टू’ सोडता येत नाही. आणि ‘अटेंड’? लेक्चरला हजर राहायचं तर ‘टू’ नको, पेशंटकडे बघायचं तर ‘अटेंड टू’ हवं.

लॅटिन उपसर्गांच्या खुणा तुम्ही जपून वापरायला दिल्यात. ‘कॉन’ किंवा ‘कॉम’ म्हणजे सह, म्हणून ‘कम्पॅटिबल विथ’, ‘कम्प्लाय विथ’, एक्स-रे रिपोर्टमधलं ‘कन्सिस्टंट विथ’. ‘ॲब’ म्हणजे पासून, म्हणून ‘ॲबसेंट फ्रॉम’, दारू सोडायला सांगताना ‘ॲबस्टेन फ्रॉम’. ‘ॲड’ म्हणजे कडे, म्हणून ‘ॲडमिट टू’, ‘ॲडहिअर टू’. लगेच ‘डिपेंड’चं उदाहरण देऊन सावधही केलंत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीपासून लोंबणं, त्या हिशेबाने ‘फ्रॉम’ हवं, पण इंग्रजी म्हणते ‘ऑन’. खूण मिळाली तरी कोश उघडायचाच.

कोशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आता मुली फोनवर नुसता मराठी अर्थ बघतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही अर्थाच्या पुढे जायला लावायचात : खालची उदाहरणं वाच, त्यात कोणता शब्द सोबत आलाय तो अधोरेखित कर. आपण वापरतो त्या ऑक्सफर्डच्या लर्नर्स शब्दकोशाचा, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशाचा जन्मही तुम्ही सांगितला होता. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानला गेले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठी लिहिलेले कोश जपानी मुलांना पुरत नाहीत, कारण कोणत्या शब्दामागे काय येतं हे इंग्रज माणसाला सांगावं लागत नाही, हे तिथल्या शिक्षकांना रोज जाणवत होतं. हॉर्नबींनी सहकाऱ्यांबरोबर शिकणाऱ्यांसाठी कोश केला, तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आजच्या आपल्या शब्दकोशाचं हे मूळ. जपानीतही आपल्यासारखे प्रत्यय नामाच्या मागून लागतात, म्हणजे हा कोश आपल्यासारखी अडचण असलेल्यांसाठीच झाला, असं तुम्ही म्हणायचात. त्या वाक्याने आम्हाला किती बळ आलं हे तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल.

ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत नर्ससाठी केस नोट्सवरून एक पत्र लिहायचं असतं, ४५ मिनिटांत, १८० ते २०० शब्दांचं. पेशंट कशासाठी भरती झाला, काय उपचार झाले, कुणाकडे पाठवतो आहोत. तुमच्या वहीतली पानं त्याच क्रमाने होती. ‘ॲडमिटेड टू’, ‘ट्रीटेड विथ’, ‘रिकव्हर्ड फ्रॉम’, ‘डिस्चार्ज्ड ऑन’ असं पेनातून आपोआप उतरत गेलं. पास झाले, इंग्लंडला आले.

इथे आल्यावर वहीत नव्या ओळी पडल्या. इथल्या नर्सेस ‘इन द वॉर्ड’ म्हणत नाहीत, ‘ऑन द वॉर्ड’ म्हणतात. पेशंट ‘इन हॉस्पिटल’ असतो, मधे ‘द’ नाही. काम करणारी मात्र ‘ॲट द हॉस्पिटल’. ‘डिफरंट’ला कुणी ‘फ्रॉम’ लावतं, कुणी ‘टू’, आणि दोन्ही चालतं. पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात ते हँडओव्हर ऐकताना मी अजूनही शब्दामागचा शब्द टिपते.

बाई, आमच्या बॅचमधल्या काही जणींनी मिळून ती वही टाइप केली आहे. होस्टेलवर आता ज्या मुली आहेत त्यांना ती द्यायची इच्छा आहे. त्याआधी तुमची लाल शाई फिरायला हवी. दोन ठिकाणी मुद्दाम पेन्सिलने खूण केली आहे : ‘डाय ऑफ’ आणि ‘डाय फ्रॉम’ एकाच ओळीत ठेवावेत की आजार आणि जखम असे वेगळे करावेत, आणि नातेवाइकांच्या पानावर ‘इन्फॉर्म’पुढे ‘ऑफ’ आधी लिहावं की ‘अबाउट’. पहिल्या पानावर ‘बाईंची वही’ एवढंच लिहिलं आहे, त्याला तुमची हरकत नसावी. प्रत घेऊन माझी धाकटी बहीण पुढच्या रविवारी सकाळी तुमच्याकडे येईल. घाई नाही, तपासून झाली की तिला फोन करा.

तुम्ही दिलेल्या प्रत्येक संध्याकाळबद्दल मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी