डबा कसला, भिंत आहे ती!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला औषधांच्या किमतींवरचा लेख वाचला. लेखक अभ्यासू दिसतात, आणि कंपन्यांवर ओढलेले कोरडे बहुतेक जागी योग्यच आहेत. काळ्या बुरशीवरचे अँफोटेरिसिन साधे मिळते आणि महागडे लायपोसोमलही. पण त्या लायपोसोमलला त्यांनी ‘भारी डब्यात घातलेला तोच पेढा’ म्हटले, तिथे राहवले नाही. हा पेढा आमच्या दाजींनी दोन्ही डब्यांतून खाल्ला आहे.

मे २०२१. कोविडमधून उठून आठवडा झाला नव्हता, साखर चारशेच्या वर, आणि दाजींचा डावा डोळा सुजून बंद झाला. लातूरच्या एका दवाखान्यात काळी बुरशी निघाली. वजन साठ किलो. किलोमागे पाच मिलिग्रॅम म्हणजे रोज तीनशे, आणि एका कुपीत पन्नासच. रोज सहा कुप्या! आपण छापलेत ‘रोजचे एक इंजेक्शन’. त्या एकासाठी डॉक्टरांची चिठ्ठी नि आधारची झेरॉक्स घेऊन मी कुठल्या कुठल्या रांगांत उभा राहिलो, ते लेखकांनी येऊन विचारावे, चहा पाजीन. भाच्याने सोलापूरहून चार कुप्या आणल्या त्या थर्मासमध्ये, फडक्यात गुंडाळून, बर्फाला टेकू न देता. गार हव्यात, पण गोठल्या की वाया.

नवव्या दिवशी कुप्या संपल्या. मग साधे अँफोटेरिसिन लावले, काहीशे रुपयांचे. तासाभरात दाजींना अशी हुडहुडी भरली की खाट वाजू लागली. मे महिन्यात, लातुरात, अंगावर तीन चादरी! अक्का पाय दाबून धरून बसलेली. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तब्येत सांगणारा रक्तातला आकडा, १.१ वरून २.९ वर.

नंतर डॉक्टरांनी समजावले ते असे. हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि तिला भोके पाडते. आपल्या पेशींत त्याचा चुलतभाऊ कोलेस्टेरॉल बसलेला असतो. मोकळे सुटलेले औषध त्यालाही धरते आणि मार किडनीला बसतो. लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पापुद्र्याचा बुडबुडा, शंभर नॅनोमीटरहूनही लहान. औषध त्याच्या पोटात ठेवलेले नसते, भिंतीतच रुतलेले असते, आणि बुरशीशी गाठ पडेपर्यंत बरेचसे तिथेच राहते. म्हणून तर साध्याच्या तिप्पट-चौपट मात्रा माणूस सोसतो. किडनीला त्रास होतच नाही असे नाही, पण पुष्कळ कमी. पेढा डब्यातून काढून खाता येतो. हे औषध भिंतीतून काढले की पुन्हा ती हुडहुडी.

किंमत अवाच्या सवा होती, हे मला सांगायची गरज नाही. अलेक बँगहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे बुडबुडे १९६०च्या दशकात दाखवले. इतक्या जुन्या विद्येचे इतके पैसे का, हा प्रश्न लेखकांनी विचारला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. या औषधावरचा जीएसटी शून्य झाला तो १२ जून २०२१च्या बैठकीत. आमची बिले मेमधली, ती ट्रंकेत आहेत.

लेखात हे औषध ‘सलाईनमधून देतात’ असेही आहे. खऱ्या सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, ते फाटते. पाच टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरपाण्याची, बाटली लागते. रात्रपाळीच्या एका नव्या पोरीने सलाईनची बाटली उचलली, तेव्हा सातवी शिकलेल्या अक्काने तिचा हात धरला होता. आपल्याकडे लेख तपासणारे कोणी असेलच की. आणि लेखात म्हटले तसे कोविशिल्डमध्ये लिपिड नॅनोकण (स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म कण) नव्हते, तिच्यात चिंपांझीचा अडेनोव्हायरस नावाचा विषाणू होता. लिपिडवाली लस पुण्याची, जेमकोव्हॅक.

पुढे लायपोसोमल पुन्हा मिळाले. दाजींचा डोळा गेला, किडन्या राहिल्या. आता शेतावर जातात, काळा चष्मा लावून.

आपला,
एक जुना वाचक, रेणापूर (जि. लातूर)

ता. क. : त्या बुडबुड्याच्या भिंतीतले लेसिथिन, म्हणजे तो स्निग्ध पदार्थ, सोयाबीनपासूनच काढतात म्हणे. तिकडे त्याला काय भाव मिळतो कोण जाणे. निदान लातूर आडतीचा सोयाबीनचा भाव तरी ताजा छापत जा. सोमवारी शनिवारचा आकडा वाचून दाजी गाडी भरून गेले आणि क्विंटलमागे दीडशे कमी घेऊन परत आले.