बूट पलंगाशी ठेव

लातूर, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या जपानच्या सहलीचा सगळा बेत वाचून दाखवत होतीस आणि मी मध्येच गप्प झालो. तू दोनदा ‘बाबा, ऐकताय ना?’ म्हणालीस. मग आईने फोन घेतला आणि धपाट्यांचा विषय काढला. रेंज गेली नव्हती. क्योतोत तू हॉटेलात नाही, मचियात उतरणार आहेस असं म्हणालीस. शंभर वर्षांपूर्वीचं लाकडी घर, मातीच्या भिंती, वर कौलं. किती हौसेनं सांगत होतीस! मातीच्या भिंती म्हणालीस आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे आईच्या हाती पत्र पडलं तरी ती माझ्यावर चिडायची नाही. भूकंपाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असंही ठरवून बसलो आहे.

तुझ्या तक्त्याची प्रिंट काढून आणली आणि नकाशापुस्तक उघडून शेजारी ठेवलं. तोक्यो, कानाझावा, क्योतो, मध्ये एक दिवस नारा, मग कोयासान, हिरोशिमा, ओसाका आणि परत. प्रत्येक गाडीची वेळ, कुठे बदलायचं, कुठून मोठी बॅग कुरियरने पुढे पाठवायची, सगळं लिहिलंयस. कानाझावाहून क्योतोला जाताना त्सुरुगाला उतरून गाडी बदलायची, हेसुद्धा. तो कागद मी शेजारच्या सरांना दाखवून आलो. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार जपानीचे वर्ग केलेस, स्वतःच्या पगारातून पैसे बाजूला काढलेस, आणि आता आपल्या घरातलं समुद्र ओलांडणारं पहिलं माणूस तू. माई असत्या तर त्यांनी गल्लीभर साखर वाटली असती.

शिबुयाचा तो गर्दीचा चौक, दुकानं, रात्रीचे दिवे, ते तू पाहशीलच, त्यात मी काय सांगणार? आईचं एक काम मात्र कर. तोक्योत आसाकुसाला सेन्सो-जी देवळाच्या मोठ्या लाल कंदिलाखाली सगळे फोटो काढतात. तिथून सुमिदा नदीच्या कडेने थोडं वर चालत गेलीस की मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ लागतं. तिथला देव म्हणजे आपला गणपती. तिकडे त्याला कांगितेन म्हणतात. मूर्ती झाकलेली असते, कुणाला दाखवत नाहीत, आणि देवाला पांढरा मुळा वाहतात. आईने हे ऐकून आधी ‘मुळा?’ म्हणून विचारलं, मग म्हणाली, माझ्या नावाने एक वाहू दे. विसरू नकोस, ती परत परत विचारते आहे.

नदीच्या पलीकडे स्कायट्री हा मनोरा दिसेल. ६३४ मीटर, २०१२ साली खुला झाला. त्याच्या पोटात मधोमध काँक्रीटचा एक खांब आहे, तो बाहेरच्या पोलादी सांगाड्यापासून वेगळा ठेवला आहे. जमीन हलली की सांगाडा एका लयीत हलतो, खांब दुसऱ्या, आणि दोघे मिळून एकमेकांचा झोका मोडतात. त्याला नाव दिलंय शिनबाशिरा, म्हणजे जुन्या पाच मजली पॅगोड्यांच्या मधल्या खांबाला म्हणतात तेच. क्योतोत तो-जीचा पॅगोडा आहे, जवळजवळ ५५ मीटर, सगळा लाकडाचा, देशात सगळ्यात उंच. आताचा १६४४ सालचा. आधीचे चार आगीत गेले, पण जमीन हलली म्हणून पडला नाही. मजले एकमेकांवर सैल बसवलेले असतात, खालचा एकीकडे कलला की वरचा दुसरीकडे. मधला खांब नेमकं काय काम करतो यावर इंजिनियर लोक अजून वाद घालतात. दोन्ही नीट बघ, आतून बघता आलं तर आतून बघ आणि मला सांग.

बघ, आलोच त्या विषयावर.

तुझ्याच वयाचा होतो मी. शाळेत नुकताच रुजू झालो होतो, आणि पुस्तकात होतं तसं वर्गात शिकवायचो की दख्खनचं पठार हा अतिशय स्थिर प्रदेश आहे. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून उशिरा परतलो, दार वाजवून माईंना उठवायला नको म्हणून मारुतीच्या पारावरच आडवा झालो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६. आपल्या वाड्याच्या भिंती हातभर नाही, चांगल्या दोन हात जाड, दगड आणि चिखलाच्या. वर माळवद, आणि माळवदावर दर पावसाळ्याआधी चढवलेली माती, थरावर थर. उन्हाळ्यात काय गार असायचा तो वाडा! दादा अभिमानाने सांगायचे, तोफ लागली तरी ढासळायचा नाही. माणसं जमीन हलल्यामुळे गेली नाहीत मनू, डोक्यावरच्या वजनाने गेली. ताईची खोली पूर्वेच्या अंगाला होती. त्याच्यापुढचं तुला माहीत आहे.

लहानपणी तू विचारायचीस, बाबा उशाशी भरलेला तांब्या ठेवतात आणि त्यातलं पाणी कधीच पीत का नाहीत. पाणी हलतंय का ते बघायला ठेवतो. माईंना तर पुनर्वसनाच्या गावात सिमेंटचं घर मिळालं तरी त्यांची बाज अंगणातच असायची, पाऊस आला तरच आत.

म्हणून त्या मचियाचं जेवढं मिळालं तेवढं वाचून काढलं. खांब दगडावर नुसते टेकवलेले असतात, जमिनीत पुरलेले नसतात. सांधे खाचा पाडून बसवलेले. भिंतीच्या आत बांबूची जाळी विणतात आणि तिच्यावर माती थापतात. घर हललं की सरकतं, वाकतं, माती झडते, पण जाळी धरून ठेवते. आपल्या भिंतींत बांबू नव्हता. हे वाचून जरा बरं वाटलं. मग पुढे कोबे आलं. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६, सहा हजारांवर माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी जुन्या लाकडी घरांत, जड कौलांखाली. क्योतोपासून कोबे शिंकान्सेनने, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनने, अर्ध्या तासावर आहे. मग आई म्हणाली, फोन ठेवा आणि झोपा.

तर ऐक. प्रत्येक ठिकाणी खोलीत शिरल्याबरोबर दारामागचा बाहेर पडायचा नकाशा बघायचा. रात्री बूट पलंगाशी ठेवायचे, दारात नाही. मचियात बूट खालीच काढावे लागतील, तर एक साधी चप्पल पिशवीत घालून वर ने. काचा फुटल्यावर अनवाणी पायाने बाहेर पडता येत नाही. उशाशी टॉर्च आणि पासपोर्ट. हलायला लागलं तर धावत सुटायचं नाही, टेबलाखाली शिरायचं, टेबल नसेल तर डोक्यावर उशी. समुद्राजवळ असशील, मियाजिमाला वगैरे, तर कुणी सांगायची वाट न बघता उंचावर चढायचं. पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स ११९. दूतावास तोक्योत, वकिलात ओसाकात, दोन्हींचे नंबर कागदावर लिहून घे, कारण मोबाईल ऐन वेळी बंद पडतो. सर्दीच्या गोळ्या इथून भरून नेऊ नकोस, स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध तिथे चालत नाही. आणि सूचना देणारं ते ॲप, सेफ्टी टिप्स, आजच घाल.

मास्तरकी झाली, माफ कर. तू यातलं निम्मं आधीच केलं असशील.

कानाझावाबद्दल मला मनापासून हेवा वाटतो. केनरोकुएन बाग तू नोव्हेंबरात बघणार. १ नोव्हेंबरपासून तिथले माळी पाइनच्या झाडांना दोर बांधायला घेतात. झाडाच्या मधोमध उंच काठी, तिच्या टोकापासून प्रत्येक फांदीला एकेक दोर, बर्फाच्या भाराने फांदी मोडू नये म्हणून. उघडलेल्या छत्रीसारखं दिसतं. बर्फ पडायच्या कितीतरी आधी हे सगळं बांधून तयार असतं. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तू आम्हाला घेऊन गेली होतीस, आठवतं? ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून केली आहे असं तूच सांगितलंस. आई पुलावर उभी राहून मासे मोजत होती आणि तू दगडावर बसून पाटीवरची जपानी अक्षरं एकेक जुळवत वाचत होतीस. तेव्हा मला वाटलं की ही जाणार. ओकायामा हिरोशिमाच्या वाटेवरच आहे. जमलं तर काही तास उतर, आईसाठी.

कानाझावाच्या उत्तरेला नोतो आहे. १ जानेवारी २०२४ ला, ऐन नववर्षाच्या दिवशी तिथे ७.६ चा झाला. वाजिमाचा जुना बाजार जळून गेला. लाखेची भांडी त्याच वाजिमाची. एखादी छोटी वाटी मिळाली तर आण, महाग असली तरी आण, पैसे मी देतो.

गाडीची मला काळजी नाही. १९६४ पासून शिंकान्सेन धावते आहे आणि घसरून किंवा धडकून त्यात एकही प्रवासी दगावलेला नाही. पहिली लहर यंत्रांना कळली की गाडीची वीज तुटते आणि ब्रेक लागतात.

नाऱ्याला हरणांच्या नादात दाइबुत्सू, म्हणजे तिथला भलामोठा बुद्ध, घाईत उरकू नकोस. ७५२ साली त्या बुद्धाचे डोळे रंगवून उघडले ते आपल्याकडून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. हातात भलामोठा कुंचला, आणि त्या कुंचल्याला बांधलेल्या दोऱ्या खाली जमलेल्या लोकांनी धरलेल्या. विमान नाही, काही नाही, आणि हा माणूस तिथवर गेला. ८५५ साली भूकंपात त्या बुद्धाचं डोकं खाली आलं. त्यांनी ते परत बसवलं. पुढे दोनदा मंदिर लढायांत जळलं, तेही परत उभं केलं.

खायचे हाल होतील, कारण शाकाहारी म्हटलं तरी रश्श्यात माशाचा अर्क असतो. धपाटे आणि शेंगाची चटणी तोक्योपुरती पुरवून खा. कोयासानला मात्र पोटभर जेवशील. मठात राहायचं, तिथे मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचं टोफू करतात म्हणे. थंडी फार असेल, आईने विणलेला स्वेटर वजन होतं म्हणून काढून ठेवू नकोस. पहाटेच्या पूजेला उठ. गोमा म्हणतात तो अग्नी म्हणजे आपलं हवनच, चीनमार्गे तिथे पोचलेलं. मग ओकुनोइनला जा. उंच सीडरच्या झाडांमधून दोन किलोमीटर वाट, दोन्ही अंगांना दोन लाखांवर समाध्या, दगडांवर सिद्धम लिपीतली संस्कृत अक्षरं. तिथे ताईच्या नावाने एक उदबत्ती लाव. मी इथे कधी नीट केलं नाही त्यातलं काही. तू कर.

हिरोशिमाला ट्रामने फिर. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८:१५ ला बॉम्ब पडला आणि तिसऱ्या दिवशी त्या जळलेल्या गावात ट्रामचा एक टप्पा पुन्हा सुरू झाला होता. त्या वेळच्या गाड्यांपैकी एखादी अजूनही रुळावर येते. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली तेव्हा खडू नव्हते, घंटा नव्हती, आणि पटावरची काही नावं वाचायची नव्हती. मी भूगोल सोडून पाढे घेतले. पोरं ओरडून पाढे म्हणत होती. त्या ट्रामचं वाचलं तेव्हा ते पाढे कानात आले.

ओसाकाला काय बघायचं ते तुझं तू बघ, तोवर तू दमलेली असशील.

तू आमच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असणार. रोज फोनची गरज नाही. रात्री झोपण्याआधी नुसतं ‘पोचले’ एवढं टाकलंस तरी चालेल. क्योतोच्या तीन रात्री मात्र सकाळीही टाक.

परतताना मुंबईला विमानतळावर मी येणार आहे. टॅक्सीने जाईन वगैरे म्हणू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. मचिया रद्द कर असं मी म्हणत नाही. पण जपानात १९८१ साली बांधकामाचे नियम कडक केले, आणि जुन्या घरांना नंतर बळकटी देतात, त्याला ताइशिन होक्यो म्हणतात. मालकाला तुझ्या जपानीत एक ओळ लिहून विचार, या घराचं ते केलंय का. नसेल केलं तर खालच्या मजल्यावरची खोली चांगली की वरची, तेही विचार. उत्तर आलं की लगेच कळव, रात्रीचे कितीही वाजले असले तरी.