बाहेरची लाईन लावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि गाडीला किक मारता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. तुम्ही आमच्या प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात जे करून गेलात, ते इचलकरंजीतल्या कितीतरी ऑफिसांत व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नवीन ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणारी सिस्टीम, बसला तेव्हा आतल्या आत सगळं झकास चाललं होतं. ऑफिसातून बॉयलर, बॉयलरवरून स्टोअर, लगेच माणूस लाईनवर. बाहेर मात्र फोन लागेना. लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावायचं, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे आणि तो आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय. एक शून्य बाहेरची लाईन घ्यायला, दुसरं मोबाईलसाठी, मग दहा आकडे. सगळं नीट लावूनही कानात रेकॉर्डवरची बाई सांगायची की नंबरच्या आधी शून्य लावा! गावातला सात आकडी नंबर लावला तर नुसती शांतता. सिस्टीम बसवणारे म्हणाले, लाईन खराब आहे. लाईनवाले म्हणाले, लाईन ठणठणीत आहे, सिस्टीम बघा. दोघांच्या मध्ये आमचा फोन मुका. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलला रेंज धड येत नाही, त्यामुळे रंग-केमिकलची ऑर्डर द्यायची तरी माणसाला रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागायचं.

तुम्ही आलात आणि कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाहीत. थेट जिन्याखालच्या क्रोनच्या डब्याकडे, म्हणजे फोनच्या तारा जोडलेल्या डब्याकडे, गेलात. टेस्टिंगच्या हँडसेटचे चिमटे लाईनच्या तारांच्या जोडीला लावलेत आणि तिथूनच स्वतःच्या मोबाईलवर फोन केलात. लागला. म्हणजे लाईन चांगली. मग चिमटे तसेच ठेवून मला म्हणालात, "आता टेबलावरून कुणाला तरी नंबर लावायला सांगा, आणि तुम्ही हे कानाला लावा."

ते ऐकलेलं मी विसरणार नाही. लाईन उचलल्याचा टक् असा आवाज, त्याच्या पाठोपाठ पहिला बीप, आणि त्यानंतर कुठे डायल टोन. मग बाकीचे बीप एकामागोमाग एक. तुम्ही समजावून सांगितलंत की डायल टोन म्हणजे एक्स्चेंजने "बोला, ऐकतोय" असं म्हणणं. आमची सिस्टीम ते म्हणायच्या आधीच आकडे पाठवायला लागत होती. पहिला आकडा वाया जायचा. मोबाईलला तो पहिला आकडा म्हणजे नेमकं ते शून्यच, आणि गावातल्या नंबरातला एक आकडा गेला की उरले सहा. एक्स्चेंज बिचारं सातव्याची वाट बघत बसायचं. इतके दिवसांचं कोडं, आणि उत्तर एका बीपएवढं. आकडे पाठवण्याआधी टोनची वाट बघायची, एवढी एक सेटिंग तुम्ही बदललीत आणि फोन लागायला लागले.

कुणी दुसरा असता तर इथे पैसे घेऊन निघाला असता. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "दोन-दोन शून्यं लावायला माणसं विसरणारच, ते काम मशिनला देऊ," म्हणालात. बाहेरच्या लाईनचं शून्य सिस्टीमने स्वतःपाशी ठेवायचं. पुढे सात आकडे आले तर तसेच सोडायचे. दहा आकडे आले तर समोर शून्य स्वतः लावायचं. मोबाईल असो नाहीतर कोल्हापूरचा २३१ किंवा सांगलीचा २३३, एसटीडी कोड धरून आकडे दहाच होतात, त्यामुळे एकाच नियमात दोन्ही बसले. कुणी सवयीने दोन शून्यं लावली तरी बिघडत नाही. परदेशासाठीचं ००, तेवढं फक्त मालकांच्या केबिनमधून आणि तेही पिन टाकून. रात्रपाळीत कुणी भलतीकडे फोन लावेल ही मालकांची धास्ती त्याने संपली.

पण काका, हे पत्र मी खरं तर लिहितेय ते पुढच्या गोष्टीसाठी. निघताना तुमची नजर माझ्या टेबलावरच्या एक्स्टेन्शनच्या यादीवर पडली. १०१ गेट, १०२ अकाउंट्स, १०८ लॅब, ११२ स्टोअर. तुम्ही विचारलंत, "आग लागली तर कुठला नंबर लावाल?" आमचा अकाउंटंट पटकन म्हणाला, १०१. आणि बोलता बोलता थांबला. १०१ लावल्यावर अग्निशमन दल नव्हे, आमचा वॉचमन उचलणार होता. अँब्युलन्ससाठी १०८ लावला असता तर लॅबमध्ये घंटी वाजली असती, आणि रात्री लॅब बंद. बॉयलर चालवणारी, कापड वाळवणाऱ्या गरम स्टेंटर मशिनवर उभी राहणारी माणसं आहेत इथे. यादी रोज डोळ्यांसमोर होती आणि आमच्यातल्या एकालाही हे दिसलं नव्हतं.

तुम्ही सांगितलेली अमेरिकेतली घटना मी नंतर शोधून वाचली. १ डिसेंबर २०१३ला टेक्सासमधल्या मार्शल गावात, एका मोटेलच्या खोलीत केरी हंट नावाच्या बाईंवर प्राणघातक हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११, म्हणजे तिथला आपत्कालीन नंबर, लावला. शिकवल्याप्रमाणेच लावला. पण त्या मोटेलात बाहेरच्या लाईनसाठी आधी ९ लावावा लागे, हे तिला कोण सांगणार? एकही फोन बाहेर गेला नाही आणि आई गेली. केरींच्या वडिलांनी पाठपुरावा केला, २०१८मध्ये कायदा झाला, आणि १६ फेब्रुवारी २०२०पासून तिथे नव्याने बसणाऱ्या अशा प्रत्येक सिस्टीमवरून ९११ थेट लागलाच पाहिजे, असं बंधन आलं. वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. माझी मुलगीही साधारण त्याच वयाची आहे.

तुम्ही त्याच संध्याकाळी सगळी एक्स्टेन्शन २०१पासून पुढे नेलीत. १००, १०१, १०८ आणि ११२ हे नंबर आता प्रत्येक फोनवरून थेट बाहेर जातात, शून्य लावून आणि न लावताही. कँटीनच्या फोनला बाकी सगळं कुलूप आहे, पण हे चार तिथूनही लागतात. असा फोन गेला की माझ्या टेबलावर आणि गेटवर घंटी वाजते, म्हणजे गाडी येईपर्यंत फाटक उघडून कुणीतरी उभं राहील. शिवाय एक साधा जुना फोन तुम्ही सिस्टीम वगळून सरळ तांब्याच्या लाईनवर जोडलात, बॉयलरच्या दाराशी. एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट येतात, त्यामुळे लाईट गेली, यूपीएस बसला तरी तो चालतो. यातलं काहीही आम्ही मागितलेलं नव्हतं.

नवी यादी सगळ्या पाळ्यांना वाचून दाखवली. बॉयलरवरच्या मामांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून १०१ आणि १०८ दोन्ही समोर लावून घेतले. उचलणाऱ्यांना कारण सांगितलं, त्यांनी समजून घेतलं.

आता एक विनंती. शेजारच्या सायझिंगमध्येही (सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात) एक्स्टेन्शन १०१पासूनच सुरू होतात, आणि त्यांच्या पलीकडच्या गोडाऊनमध्येही. दोघांनी तुमच्याबद्दल विचारलंय. येत्या आठवड्यात सवड असेल तर कळवा, मी त्यांना सांगून ठेवते. आणि तुमचं बिल अजून आलेलं नाही. कृपा करून पाठवा, मालकही दोनदा विचारून गेले. काकूंना नमस्कार.

आपली कृतज्ञ,
फ्रंट ऑफिस सांभाळणारी,
एक प्रोसेस हाउस, इचलकरंजी