पिट्सबर्गहून: इथे आधी माणूस आवडावा लागतो

पिट्सबर्ग, 20 ऑक्टोबर 2024

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीही अजून फार नाही. बाबा, परवा तुम्ही पुन्हा बटलरचा विषय काढलात. बटलर इथून 50-55 किलोमीटरवर आहे. जुलैत तिथे ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला तेव्हा मी कामावर होते, आणि या महिन्यात ते पुन्हा तिथे सभेला आले तेव्हाही मी तिकडे फिरकले नाही. मला इथे मत नाही, मग सभेला कशाला जाईन? इथे अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या प्रतिनिधी-मतांवर. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या 19 मतांवर ट्रम्प आणि कमला हॅरिस दोघांचाही डोळा आहे, म्हणून टीव्हीवर जाहिरातींचा मारा आणि दारावर प्रचारक. त्रास म्हणाल तर एवढाच.

फोनवर तुमचा एक प्रश्न राहून गेला. एवढे शिकलेसवरलेले लोक चेहरा बघून मत देतात का?

इथे एक प्रश्न सर्रास विचारला जातो: दोघांपैकी कोणाबरोबर बसून बिअर प्यायला आवडेल? आई, मी पीत नाही, त्यांचं बोलणं सांगतेय. बिअर म्हणजे इथे दारूचा अड्डा समजू नका. कामावरून सुटल्यावर घटकाभर टेकायचं, मुलाबाळांचं, खेळाचं बोलायचं. मोठ्या पदावरचा माणूस आपल्यासारखा वाटतो का, हे ते यावरून जोखतात. 2000 साली धाकट्या बुशबद्दल हेच बोललं जायचं, आणि त्यांनी तर 1986 पासून दारू सोडलेली होती. सुरुवातीला मला हा पोरकटपणा वाटायचा. आता थोडं समजतं. आपल्याकडे राष्ट्रपती वेगळे, पंतप्रधान वेगळे, आणि आपण मत देतो ते खासदाराला. इथे सगळं एकाच माणसात आहे, आणि तो चार वर्षं रोज यांच्या दिवाणखान्यात दिसणार. 1952 साली आयझेनहॉवर यांच्या प्रचाराच्या बिल्ल्यावर ‘मला आइक आवडतो’ एवढंच लिहिलेलं असायचं. आइक हे त्यांचं टोपणनाव. धोरणाचा एक शब्द नाही.

1960 ची केनेडी-निक्सन वादचर्चा तर बाबांना ठाऊकच असेल. सुमारे 7 कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिली. निक्सन गुडघ्याच्या संसर्गातून नुकते उठलेले, ओढलेला चेहरा. केनेडी ताजेतवाने. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले असं सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. केनेडी जिंकले, पण देशभरात फरक पडला जेमतेम 1 लाख 12 हजार मतांचा. एवढ्या थोड्या फरकात चेहऱ्याचा वाटा असू शकतो, हे मी मान्य करते. पण तेच निक्सन 1968 मध्ये निवडून आले आणि 1972 मध्ये 50 पैकी 49 राज्यं त्यांनी जिंकली. तेव्हा ते काही मनमोकळे, लाघवी झाले नव्हते. 1980 मध्ये कार्टर सज्जन आहेत हे विरोधकही नाकारत नव्हते, पण महागाई 13 टक्क्यांवर गेली होती आणि इराणमध्ये अमेरिकी ओलीस अडकले होते. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रेगन यांनी लोकांना विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? रेगन जिंकले. ते बोलायचे गोड, पण तो प्रश्न पोटाचा होता. म्हणून बाबा, माझं मत असं की आधी पोट, मग चेहरा. दोन्ही पारडी जवळपास सारखी असली की मात्र चेहराच काटा हलवतो.

आणि बाईला हे माप जास्त कडक लागतं. जानेवारी 2008 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वादचर्चेत हिलरी क्लिंटन यांना तोंडावर विचारलं, लोकांना तुम्ही तितक्याशा आवडत नाही, त्याचं काय? तीन दिवसांनी तिथली प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, त्यांनीच जिंकली. आता कमला हॅरिस यांच्या हसण्यावर बोललं जातं. एक हसत नाही म्हणून खटकते, दुसरी हसते म्हणून.

हे लिहिताना नाशिकच्या मंडळींचा निरोप आठवत होता. ‘मुलगी कोरडी वाटली, हसतमुख नाही.’ आई, तुला लागलं ते कळलं मला. त्या दिवशी रात्रपाळी संपवून, न झोपता बसले होते मी कॉलवर. त्यांना हे सांगू नकोस, कारणं दिल्यासारखं होईल. त्यांनी माझं काम काय, मला पुढे काय करायचंय, हे एकदाही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मुलगा बोलायला छान होता, खोटं का बोलू. पण अर्ध्या तासावरून मीही होकार दिला नसता. पुण्याच्या स्थळाला नाही म्हणू नका, फक्त मला त्याच्याशी दोन-तीनदा बोलू द्या.

बाबांच्या मोतीबिंदूसाठी 60,000 रुपये पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. ऑपरेशन दिवाळीनंतरवर ढकलू नका. मी येईन मग करू, असं तर मुळीच नको. व्हिसाचा अर्ज अजून अडकलेला आहे आणि वकील म्हणतात, सध्या देश सोडू नका. सलग तिसरी दिवाळी आहे, मोजलीय मी. दवाखान्यात बाबांसोबत कोण थांबणार, तेवढं कळवा.

लक्ष्मीपूजनाला व्हिडिओ कॉल करते. त्या दिवशी रात्रपाळी नाही.

तुमची,
मनू