परगावचे रेशनकार्ड सोलापुरात चालते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीनंतर मराठवाड्यातून, कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीकडून सोलापुरात ऊसतोडीला, वीटभट्टीवर नि बांधकामावर आलेली माणसे रेशन दुकानात गेली की बऱ्याचदा एकच उत्तर मिळते, ‘तुमचं कार्ड इथलं नाही.’ पण ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना २०२२ पासून सर्व राज्यांत लागू आहे. प्राधान्य (गरीब कुटुंबांचे) किंवा अंत्योदय (त्यांतल्या सर्वांत गरिबांचे) कार्ड कुठल्याही गावचे असो, इथे धान्य मिळते. कार्ड जवळ नसले तरी त्याचा नंबर किंवा आधार नंबर सांगायचा आणि पॉस मशीनवर अंगठा लावायचा. भाडेकरार लागत नाही, नगरसेवकाचा दाखलाही नाही. महिन्याला प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि तेही मोफत.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी महिन्याचे सगळे धान्य उचलले, तर इथे मशीनवर शिल्लक शून्य दिसते. दुकानदार लबाडी करतो असे वाटून वाद होतात. निम्मे तिथे, निम्मे इथे असेही उचलता येते, पण ते आधी फोनवर ठरवून घ्यावे. दुकानाला माल येतो तो त्याच्या स्वतःच्या कार्डांच्या हिशेबाने, म्हणून महिनाअखेरीस परगावच्या कार्डाला पोते रिकामे सापडू शकते. पहिल्या पंधरवड्यात गेलेले बरे. कर्नाटकच्या अन्नभाग्य योजनेतला राज्याचा वाढीव वाटा मात्र इथे मिळत नाही. इथे फक्त केंद्राचा वाटा.

विटा उचलून, कोयता धरून बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा लागत नाही. हात धुऊन, पुसून दुसरी बोटे लावून पाहावीत. तरीही जमले नाही, तर डोळ्यांची पडताळणी किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी मागावा. ई-केवायसी (आधारवरून कार्डातल्या माणसांची ओळख पटवणे) राहिली असेल तर तेवढ्यासाठी गावी जायची गरज नाही, ती इथल्या दुकानातही होते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झाल्याशिवाय सासरच्या कार्डावर चढत नाही. हे काम गावातच उरकून निघावे. दुकानदार नाहीच म्हणाला, तर १४४४५ हा टोल-फ्री नंबर आहे.

शाळेचे तसे सोपे आहे, पण पालक दाखल्याअभावी मुलाला घरीच ठेवतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार जन्मदाखला नाही किंवा वर्ष अर्धे सरले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला उशिरा येणे हे थांबवून ठेवायचे कारण होत नाही. वर्गही वयाप्रमाणे द्यायचा असतो. खरी चूक पुढे होते. मूल वर्गात बसते, खिचडी खाते, पण शाळांच्या सरकारी यूडायस पोर्टलवर त्याचे नाव जुन्या शाळेतच राहते. जुन्या शाळेने तिथून सोडल्याशिवाय नव्या शाळेला ते ओढून घेता येत नाही. त्यासाठी जुन्या शाळेचा यूडायस कोड (शाळेचा सरकारी क्रमांक) आणि मुलाचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) कागदावर लिहून आणावा. महाराष्ट्रातल्या जुन्या शाळेने स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड दिले असेल, तर तेही जवळ ठेवावे. सोलापूर महापालिकेच्या कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, हेही कित्येकांना ठाऊक नसते.

गरोदर बाई आणि सहा वर्षांपर्यंतची मुले यांची नोंद राहत्या ठिकाणच्या अंगणवाडीत करता येते. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर गावची नोंद इकडे वळवता येते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असले की लसींचा हिशेब चुकत नाही. आणि खोली भाड्याने घेताना आधी पाण्याचा वार विचारावा. सोलापुरात रोज नळ येत नाही, पिंप आधी लागते.

हातमाग-यंत्रमागावर आलेल्या तेलुगू कुटुंबांनी हे शहर घडवले. कन्नड-तेलुगू समजणारा दुकानदार इथे गल्लोगल्ली भेटतो, पण दारावरची पाटी बहुधा मराठीतच असते. शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयाने आणि तालुक्यांत तहसीलच्या पुरवठा शाखेने ‘परगावचे कार्ड चालेल’ एवढी एक ओळ कन्नड, तेलुगू, हिंदी आणि उर्दूत प्रत्येक दुकानावर लावावी. गाळप हंगामाआधी, ऑक्टोबरातच.

— स्थलांतरित कुटुंबांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते, सोलापूर